अठ्ठावीस दिवसांचा महिना

प्रीपेडला करार नसतो, पटलं नाही तर उद्या दुसरी कंपनी, असं सगळेच म्हणतात. तरीही महागडा रिचार्ज वर्षानुवर्षं मारणारे कमी नाहीत, कारण बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे दिलेला नंबर जाईल ही धास्ती. ती निराधार आहे, याचा दाखला मुंबईतच मिळतो. 98210ने सुरू होणारे नंबर मुळात बीपीएल मोबाइलचे. पुढे तिचंच नाव ‘लूप’ झालं. फक्त मुंबईत चालणाऱ्या या कंपनीच्या परवान्याची मुदत नोव्हेंबर 2014मध्ये संपली आणि ती बंद पडली. पण ज्यांनी वेळेत पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, त्यांचे नंबर शाबूत राहिले. पोर्टिंगची ही सोय देशभर 20 जानेवारी 2011पासून आहे.

दुसरा गैरसमज जास्त खिशाला लागतो: सर्वांत छोटा रिचार्ज तो सर्वांत स्वस्त. 28 दिवसांचा रिचार्ज वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा मारावा लागतो. म्हणून तर 30 दिवसांचा किमान एक प्लॅन ठेवाच, असं दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने 2022मध्ये कंपन्यांना बजावलं. दुकानदाराकडे नुसतं ‘महिन्याचा मार’ म्हटलं, तर कोणता महिना हे त्यालाच ठरवू दिल्यासारखं. किंमत भागिले दिवस, एवढा हिशोब तिथेच करावा. जुलै 2024च्या दरवाढीनंतर एअरटेलचा 28 दिवसांचा रिचार्ज 199 रुपयांचा झाला, म्हणजे दिवसाला साधारण 7 रुपये 11 पैसे. ट्रायच्या आदेशामुळे 2025च्या सुरुवातीला फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन आले. त्यांत याच कंपनीचा 84 दिवसांचा 469 रुपयांना होता, म्हणजे दिवसाला साधारण 5 रुपये 58 पैसे. वर्षाचा 1849 रुपयांना, दिवसाला 5 रुपये 7 पैसे. दर बदलत राहतात, भागाकाराची रीत बदलत नाही.

यावर कोणी म्हणेल, इंटरनेटशिवाय आज भागतं का? ज्याला लोकलमध्ये तासभर व्हिडिओ बघायचाय, त्याचं नाहीच भागत. त्याने रोजच्या डेटाचाच प्लॅन घ्यावा. पण घरात वायफाय आहे, आजी फोनवर बोलते आणि बँकेचा ओटीपी बघते, तिथे रोजचा दीड जीबी रात्री बारा वाजता न वापरताच संपतो. ओटीपी एसएमएसने येतो, त्याला डेटा लागत नाही. मग सरळ वर्षाचाच का मारू नये? कारण पोर्ट करताना उरलेले दिवस नव्या कंपनीत सोबत येत नाहीत. करार नाही म्हणता म्हणता 365 दिवसांचे पैसे आधीच भरले, की बांधून घेतलंच म्हणायचं. शिवाय रेंजचा भरवसा नाही: लालबाग-परळच्या जाड भिंतींच्या चाळीत गॅलरीत चार दांड्या दिसतात आणि मोरीपाशी कॉल तुटतो. शेजारी उंच इमारत उभी राहिली, की काल येणारी रेंज आज येईलच असं नाही. पोर्ट करून आल्यावर 90 दिवस कंपनी बदलता येत नाही, तेव्हा नव्या कंपनीत पहिला रिचार्ज 84 दिवसांचाच बरा. तेवढ्यात रेंजची परीक्षा होते.

सोडायचं ठरलं तर PORT लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून 1900वर एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो. नुसता कोड मागितल्याने सिम बंद पडत नाही. नव्या कंपनीकडे ओळखपत्र देऊन अर्ज करेपर्यंत नंबर जुन्या कंपनीकडेच असतो.