रेणुसूत्र व सापेक्ष अणुवस्तुमान : निश्चितीचा ऐतिहासिक मागोवा

पाण्याचे रेणुसूत्र एचटूओ आहे, हे शालेय विद्यार्थीही सांगतो. परंतु एकेका अणूचे वजन करणे अशक्य असताना हे सूत्र निश्चित कसे झाले, याचा विचार सहसा केला जात नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

जॉन डाल्टन यांनी १८०८ मध्ये अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. पाण्यात १ भाग हायड्रोजनशी वजनाने सुमारे ८ भाग ऑक्सिजन संयोग पावतो. पाण्यात दोहोंचा एकेक अणू मानल्यास ऑक्सिजनचे अणुवस्तुमान ८ येते; हायड्रोजनचे दोन अणू मानल्यास १६ येते. म्हणजेच सूत्रावाचून वस्तुमान नाही आणि वस्तुमानावाचून सूत्र नाही, असा हा पेच होता. डाल्टन यांनी साधेपणाचे तत्त्व स्वीकारून एचओ हे सूत्र मानले.

गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगांत २ आकारमान हायड्रोजन व १ आकारमान ऑक्सिजन यांपासून २ आकारमान वाफ मिळाली. समान तापमान व दाबाला वायूंच्या समान आकारमानात रेणूंची संख्या समान असते, असे अ‍ॅव्होगॅड्रो यांनी १८११ मध्ये प्रतिपादन केले. त्यानुसार वाफेच्या प्रत्येक रेणूच्या वाट्याला ऑक्सिजनचा अर्धा रेणू येतो; अर्थात ऑक्सिजनचा रेणू विभागला जातो. मात्र समान विद्युतप्रभाराचे अणू एकत्र येणार नाहीत, या बर्झेलियस यांच्या मताच्या प्रभावामुळे हा विचार दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

१८५८ मध्ये कॅनिझारो यांनी हा पेच सोडविला. हायड्रोजनच्या रेणूचे वस्तुमान २ धरून त्यांनी बाष्पघनतेवरून इतर रेणूंची सापेक्ष वस्तुमाने काढली. उदाहरणार्थ, मिथेन १६, कार्बन डायऑक्साइड ४४, तर इथिलीन २८. यांतील कार्बनचे शेकडा प्रमाण अनुक्रमे ७५, २७.३ व ८५.७ असल्याने कार्बनचा वाटा १२, १२ व २४ येतो. अनेक संयुगांत हा वाटा १२ किंवा त्याच्या पूर्णांकी पटीतच आढळतो. म्हणून कार्बनचे अणुवस्तुमान १२ ठरते.

१८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत कॅनिझारो यांची पुस्तिका वितरित झाली. परिषदेस उपस्थित असलेल्या मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये याच सुधारित अणुवस्तुमानांच्या आधारे आवर्तसारणी मांडली.

मराठी विज्ञानभाषेत अणू व रेणू असे दोन स्वतंत्र शब्द रूढ आहेत. या दोन संकल्पनांमधील भेद सर्वमान्य होण्यासच रसायनशास्त्राला सुमारे अर्धशतक लागले. सूत्र पाठ करण्यापूर्वी त्यामागील ही तर्कशृंखला विद्यार्थ्यांसमोर मांडणे म्हणूनच आवश्यक ठरते.