हौसेला मोल नाही, पण उड्डाणाला आहे!

मोटार शिकणारा प्रत्येकजण काही ड्रायव्हरची नोकरी करत नाही. मग विमान शिकणाऱ्यानेच नोकरी का करावी? तरीही निव्वळ आनंदासाठी विमान उडवणारे आज इतके थोडे का?

बनशंकरी हा बंगळुरूच्या दक्षिणेकडचा गजबजलेला भाग. राहुकाळात देवीपुढे लिंबाचे दिवे लावायला बायकांची रीघ लागते. बदामीची बनशंकरी अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता, त्यामुळे इथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे नाव परके नाही. अशा एखाद्या घरातली मुलगी येलहंक्याचे विमान प्रदर्शन पाहून येते आणि म्हणते, "आई, मला विमान चालवायचंय." यावर आईवडिलांचा प्रश्न ठरलेला, "कोर्सला किती लाख लागतात आणि नोकरी लागते का?" केवळ हौस म्हणूनही विमान शिकता येते, हे कुणाच्या मनातही येत नाही.

क्लबचे दिवस

पूर्वी असे नव्हते. मुंबईत १९२८ साली फ्लाइंग क्लब निघाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो हौसेपोटीच. त्याच हौसेतून १९३२ साली टाटांची विमान टपालसेवा उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर सरकारने क्लबांना अनुदान दिले. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात 'पुष्पक' हे दोन आसनी विमान तयार झाले. १९५८ साली ते प्रथम आकाशात झेपावले. दीडशेच्या आसपास पुष्पक विमाने बनली, ती प्रामुख्याने फ्लाइंग क्लबांसाठीच.

गाडे कुठे अडते?

खाजगी वैमानिकाच्या परवान्याच्या अटी तशा अवघड नाहीत. वय १७ पूर्ण, दहावी पास, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि किमान ४० तासांचे उड्डाण. पण एका तासाला दहा हजारांहून जास्त रुपये मोजावे लागतात. म्हणजे नुसत्या उड्डाणाचेच चार लाखांच्या वर गेले. शिवाय या परवान्यावर पैसे कमावता येत नाहीत. त्यासाठी २०० तासांचा व्यावसायिक परवाना हवा. मग साहजिकच पालक म्हणतात, खर्चच करायचा तर नोकरीसाठी करू. क्लबांनाही असेच विद्यार्थी परवडतात.

बहुतेक छोट्या विमानांना जेटचे इंधन चालत नाही. त्यांना लागणारे खास पेट्रोल २०२२ पर्यंत परदेशातून येत असे. त्या वर्षी इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. स्वतःचे विमान घ्यावे म्हटले, तर सप्टेंबर २०२५ पासून खाजगी वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे.

तिसरी अडचण जागेची. बंगळुरूचा जक्कूर विमानतळ शहराच्या उत्तर टोकाला. बनशंकरीहून निघालेल्याला सारे शहर ओलांडावे लागते. शेजारी येलहंक्याचा हवाई दलाचा तळ, पलीकडे २००८ साली सुरू झालेला देवनहळ्ळीचा मोठा विमानतळ. त्यातच महामार्गावरच्या उड्डाणपुलामुळे जक्कूरच्या धावपट्टीची वापरता येणारी लांबी घटली. छोट्या विमानाला जमिनीवरही जागा कमी आणि आकाशातही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९८० मध्ये साडेतीन लाखांवर खाजगी वैमानिक होते. आज त्यांची संख्या निम्म्याहून कमी आहे. विमानांच्या किमती आणि विम्याचा खर्च तिथेही नडला.

ओढ मात्र कायम

२०१९ मध्ये मुंबईच्या आरोही पंडितने हलक्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. कॅप्टन अमोल यादव यांनी तर कांदिवलीतल्या घराच्या गच्चीवर विमान बांधले. म्हणजे ओढ संपलेली नाही, वाट अरुंद झाली आहे.

म्हणून घरातल्या कुणी "मला विमान चालवायचंय" म्हटले, तर लगेच नोकरीचा हिशेब मांडू नका. पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. डोळ्यांतला एखादा दोष नंतर कळला, तर पैसाही जातो आणि मनही मोडते. जवळच्या क्लबात जाऊन एक फेरी मारता येईल का, तेही विचारा. परवाना मिळो न मिळो, ढगांजवळून आपले घर शोधण्याचा आनंद आयुष्यभर पुरेल.