नटाच्या नावाने आलेली पत्रे

चित्रकार गेला तरी त्याचे चित्र मागे राहते. कवी गेला तरी त्याची पोथी मागे राहते. नटाचे तसे नाही. पडदा पडला, दिवे मालवले, की त्याने उभे केलेले जग प्रेक्षकांच्या स्मरणापुरते उरते. आणि ते प्रेक्षकही काळाच्या उदरात गडप झाले म्हणजे ते स्मरणही जाते. मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा एखादा थोर नट कसा होता, हे पुढील पिढ्यांनी जाणावयाचे कशावरून? वर्तमानपत्रांतील अभिप्राय आहेत, छायाचित्रे आहेत, आठवणींची पुस्तके आहेत. परंतु या सर्वांहून निराळे असे एक साधन आहे, ते म्हणजे त्याच्या नावाने आलेली पत्रे. आठवणी लिहिणाऱ्या मनुष्यास गोष्टीचा शेवट ठाऊक असतो, आणि तो शेवट मनात धरूनच तो आरंभ सांगतो. पत्र लिहिणाऱ्यास उद्या काय होणार हे ठाऊक नसते. त्याची आशा, त्याचा राग, त्याची गरज ही त्या दिवसापुरती खरी असते व तशीच कागदावर उतरते. पत्राचे मोल आहे ते यातच.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीतील इंग्लंडचा अग्रगण्य नट हेन्री अर्व्हिंग याचा पत्रसंग्रह होय. अर्व्हिंगचे मूळ नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. त्याचा जन्म ६ फेब्रुवारी १८३८ रोजी सॉमरसेट परगण्यातील एका खेड्यात, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. काही काळ त्याने लंडनमध्ये कारकुनी केली आणि १८५६ साली ती सोडून तो रंगभूमीवर आला. पुढे अनेक वर्षे गावोगावच्या थिएटरांत पडेल ती भूमिका करून त्याने उमेदवारी केली. १८७१ च्या नोव्हेंबरात ‘द बेल्स’ या नाटकाने त्याचे नाव एका रात्रीत गाजले, आणि १८७४ साली त्याने लंडनच्या लायसियम थिएटरात केलेला हॅम्लेट ओळीने दोनशे रात्री चालला. १८७८ साली ते थिएटरच त्याने आपल्या ताब्यात घेतले. तेव्हापासून तो नट आणि मालक अशा दोन्ही नात्यांनी वावरू लागला. नाटक निवडणे, नटसंच जमविणे, पडदे रंगवून घेणे, पगार वाटणे आणि रात्री स्वतः मुख्य भूमिका करणे हा सर्व भार एकाच्याच शिरावर. आपल्याकडील जुन्या नाटक मंडळ्यांतील नट-मालकांचा संसार ज्यांनी ऐकला आहे, त्यांना याची कल्पना सहज येईल.

अशा मनुष्याकडे पत्रांचा पूर लोटावा यात नवल नाही. इंग्लंडात १८४० सालापासून एका पेनीत देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात पत्र जात असे, आणि लंडन शहरात तर दिवसातून अनेक वेळा टपाल वाटले जाई. नाटककार आपली नाटके पाठवीत, होतकरू मुले-मुली कामाची याचना करीत, म्हातारे नट मदत मागत. चित्रकार बर्न-जोन्स आणि अल्मा-टॅडेमा, संगीतकार सलिव्हन यांसारखे कलावंत त्याच्या नाटकांसाठी काम करीत. पंतप्रधान ग्लॅडस्टन हे तर लायसियमचे नित्याचे प्रेक्षक. उतारवयात त्यांस नीट ऐकू यावे म्हणून रंगमंचाच्या कडेलाच त्यांची खुर्ची मांडलेली असे. राजदरबारापासून रोजंदारीपर्यंत समाजाचे सर्व थर त्या टपालाच्या थैलीत एकत्र येत.

ही थैली उघडणारा गृहस्थही साधासुधा नव्हता. अर्व्हिंगचा व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर हा मूळचा डब्लिनचा सरकारी नोकर. १८७८ साली अर्व्हिंगच्या बोलावण्यावरून त्याने ती नोकरी सोडली आणि पुढे सत्तावीस वर्षे, म्हणजे अर्व्हिंगच्या मृत्यूपर्यंत, त्याचा पत्रव्यवहार व हिशेब सांभाळला. हाच स्टोकर ‘ड्रॅक्युला’ या १८९७ सालच्या जगप्रसिद्ध कादंबरीचा कर्ता. ती सबंध कादंबरी पत्रे, रोजनिशा व तारा यांच्याच रूपाने रचलेली आहे. तिच्यातील प्रत्येक पात्र पुढच्या पानावर आपले काय होणार याविषयी अजाण असते, म्हणूनच वाचकाचा थरकाप उडतो. जन्मभर परक्यांची पत्रे वाचणाऱ्यास ही युक्ती सुचावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

कादंबरीत जी युक्ती, तीच प्रत्यक्ष जीवनात नियती खेळते. महाकवी टेनिसन याने ‘बेकेट’ हे नाटक लिहिले व १८७९ साली ते अर्व्हिंगपुढे ठेवले. खर्च फार येईल म्हणून अर्व्हिंगने ते नाकारले. त्याने कवीची दुसरी नाटके केली, पण हे मात्र बाजूस राहिले. बारा वर्षे लोटल्यावर अर्व्हिंगनेच ते पुन्हा मागून घेतले. तोवर कवी ऐंशीच्या घरात पोचला होता. ६ ऑक्टोबर १८९२ रोजी टेनिसन निवर्तला, आणि त्यानंतर बरोबर चार महिन्यांनी, ६ फेब्रुवारी १८९३ रोजी, अर्व्हिंगच्या पंचावन्नाव्या वाढदिवशी ‘बेकेट’ रंगभूमीवर आले. अर्व्हिंगच्या उत्तम भूमिकांत त्याची गणना झाली. आज ही हकीकत ओळीने वाचताना वाटते की, सर्व काही जणू ठरल्याप्रमाणेच झाले. परंतु नकार घेणाऱ्या कवीस ते ठाऊक नव्हते आणि नकार देणाऱ्या नटासही नव्हते. दोघांमधील ती अनिश्चित बारा वर्षे इतिहासाच्या पुस्तकात एका वाक्यात संपतात. पत्रांत मात्र ती एकेक दिवसाने चालतात.

दुसरे उदाहरण भांडणाचे आहे. बर्नार्ड शॉ हा त्या वेळी नावारूपास येऊ पाहणारा लेखक व झोंबरा टीकाकार होता. नेपोलियनवर लिहिलेली आपली एक छोटी नाटिका त्याने अर्व्हिंगला देऊ केली. अर्व्हिंगने ती ठेवून घेतली, पण प्रयोग लांबणीवर टाकला. १८९६ च्या डिसेंबरात अर्व्हिंगचा तिसरा रिचर्ड रंगभूमीवर आला, आणि शॉने त्यावर असा काही अभिप्राय लिहिला की, नट त्या रात्री शुद्धीवर नव्हता असे त्यातून ध्वनित व्हावे. १८९७ साली नाटिका साभार परत आली. मग उभयतांत पत्रांच्या फैरी झडल्या. एकीकडे शॉ अर्व्हिंगशी भांडत होता, तर दुसरीकडे अर्व्हिंगचीच प्रमुख नटी एलेन टेरी हिला स्नेहाची पत्रे लिहीत होता. आणि तिची व त्याची प्रत्यक्ष भेट अद्याप व्हावयाची होती! ती पत्रे १९३१ साली पुस्तकरूपाने निघाली. एकाच प्रसंगाच्या तीन बाजू तीन हस्ताक्षरांत वाचावयास मिळाल्या, म्हणजे न्याय कोणा एकाच्या बाजूने देण्याची घाई वाचक करीत नाही.

तिसरे उदाहरण मानाचे. जुन्या इंग्रजी कायद्यात, कोणा सरदाराचा आश्रय नसलेल्या नटास भटक्या-उनाडांच्या पंक्तीस बसविले होते. आपल्याकडेही ‘नाटक्या’ हा शब्द कित्येक वर्षे शिवीसारखाच वापरला जाई. १८९५ साली अर्व्हिंगला ‘सर’ ही पदवी मिळाली. नटास असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. हजारो नटनटींनी सह्या करून त्यास मानपत्र दिले. एका माणसास मिळालेली पदवी आपल्या सर्वांच्या कपाळावरचा डाग पुसणारी आहे, ही त्यांची भावना होती. त्या सह्यांत गाजलेली नावे थोडी आणि कधीच न गाजलेली फार. त्या न गाजलेल्यांचा इतिहास दुसरीकडे कोठेही लिहिलेला नाही.

यानंतर उतरता काळ आला. १८ फेब्रुवारी १८९८ रोजी गोदामास आग लागून चव्वेचाळीस नाटकांचे पडदे व देखावे जळाले. विम्याची रक्कम नुकसानीच्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. त्याच वर्षी अर्व्हिंग दुखण्याने अंथरुणास खिळला. पुढे लायसियम एका कंपनीच्या हाती गेले आणि १९०२ साली त्याचा तेथील संबंध संपला. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्ड गावी ‘बेकेट’चाच प्रयोग करून तो मुक्कामाच्या हॉटेलात परतला व तेथेच त्याचा अंत झाला. बारा वर्षे अडून राहिलेले ते नाटक त्याचे अखेरचे ठरले. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या रक्षेस जागा मिळाली. त्याच सालच्या डिसेंबरात त्याच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. पडदे आगीत गेले, वस्तू हातोहात विखुरल्या. कागद मात्र टिकला. लॉरेन्स अर्व्हिंग या नातवाने कुटुंबातील कागदपत्रांच्या आधारे आजोबांचे विस्तृत चरित्र लिहिले, ते १९५१ साली प्रसिद्ध झाले. अर्व्हिंगच्या कागदपत्रांचा मोठा साठा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अभ्यासकांस पाहावयास मिळतो.

आता दृष्टी आपल्या रंगभूमीकडे वळवावी. अर्व्हिंगच्याच काळात इकडे शाहूनगरवासी नाटक मंडळी महाराष्ट्र गाजवीत होती. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे केलेले रूपांतर ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली छापले गेले, आणि त्यातील चंद्रसेनाच्या भूमिकेने गणपतराव जोशी यांनी महाराष्ट्रास वेड लावले. त्यांच्या जोडीस स्त्रीभूमिका करणारे बाळाभाऊ जोग. वासुदेवराव केळकरांच्या ‘त्राटिके’त ही जोडी अशी काही रंगे की, तिचे वर्णन पुढे पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. गणपतराव १९२२ साली गेले. त्यांचा चंद्रसेन आता आपणांस भेटतो तो ज्यांनी तो पाहिला त्यांच्या आठवणींतून.

मराठी रंगभूमीचे आठवणींचे भांडार समृद्ध आहे. गणपतराव बोडसांची ‘माझी भूमिका’, गोविंदराव टेंब्यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही पुस्तके वाचनीय तर आहेतच, शिवाय इतिहासास उपकारकही आहेत. परंतु ती सर्व प्रवास संपल्यावर मागे वळून लिहिलेली आहेत. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी वारली आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. सांगून सांगून ती आता तेजस्वी झाली आहे. पण त्या सायंकाळी बिऱ्हाडात कोण काय बोलले, हे त्या आठवड्यातील एखादे साधे पत्र जसे सांगेल तसे चाळीस वर्षांनंतरचे कोणतेही पुस्तक सांगणार नाही.

आणि मराठी नाटक कंपनीचा संसार तर पत्रांवरच चालावयाचा. पुढच्या मुक्कामाचे थिएटर ठरवावयाचे, नाटककारास तगादा करावयाचा, नटास बयाणा पाठवावयाचा, कंपनीत दाखल झालेल्या पोराने आईस खुशाली कळवावयाची. आपल्या देशात १८५४ सालापासून अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले, आणि १८७९ साली एका पैशाचे कार्ड निघाले. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्यात, १८६९ पासून तेथील सरकारची स्वतंत्र तिकिटे होती. घरोघरी आलेले पत्र वाचून तारेच्या आकड्यास ओवून ठेवण्याची रीत होती; वाईट बातमीचे तेवढे फाडून टाकीत. तारेवरचा तो गठ्ठा भरला की माळ्यावर जाई, आणि माळा साफ करताना बंबात.

बीडच्या माणसास कागदाचे मोल निराळे शिकवावयास नको. १६१५ साली समाधिस्थ झालेल्या दासोपंतांनी कापडी पासोडीवर लिहिलेले ‘पंचीकरण’ अंबाजोगाईस अद्याप पाहावयास मिळते. कोणी तरी ती पासोडी शतकानुशतके वाळवीपासून राखली म्हणून. इतिहासाचार्य राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी बीडच्या पाटांगणावर मिळाली आणि १९०९ साली त्यांनी ती छापली. संतांच्या अक्षरास जी राखण लाभली, तिचा थोडा अंश आजोबांच्या कार्डांस लाभला तरी पुरे.

त्यासाठी करावयाचे ते फार अवघडही नाही. पत्र आणि त्याचे पाकीट यांची ताटातूट करू नये, कारण टपालाचा शिक्का गाव व तारीख सांगतो. घड्या उलगडून कागद सपाट, कोरड्या जागी ठेवावा. त्यावर चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकमध्ये कायमचे बंदिस्तही करू नये. लिहिणारा कोण, ज्यास लिहिले तो कोण, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून वेगळ्या कागदावर टिपून ठेवावे. कारण ते माणूस गेल्यावर ‘चि. बाळू’ हा कोणता बाळू, हे सांगणारा उरत नाही. घरी जतन होणे शक्य नसेल तर पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ यांसारख्या संस्थांकडे विचारणा करावी.

अर्व्हिंगला पत्र लिहून काम मागणाऱ्या मुलास आपले पत्र कोणी जपून ठेवील असे स्वप्नातही वाटले नसेल. त्यास हवी होती ती नोकरी. ती त्यास मिळाली की नाही हे पत्र सांगत नाही. परंतु त्या दिवशी तो होता, त्यास आशा होती आणि त्याने ती एका पेनीच्या तिकिटावर टपालात टाकली, एवढे ते निश्चित सांगते. मराठवाड्यातील एखाद्या माळ्यावरच्या तारेला असेच एखादे कार्ड अडकलेले असेल, तर ते बंबात जाण्यापूर्वी एकदा वाचून पाहावे.