आधी गुणाकार की आधी बेरीज?

गणिताच्या तासाला ‘कंचेभागुबेव’ घोकून घेतले नाही अशी शाळा आपल्याकडे विरळाच. आधी कंस, मग ‘चे’, मग भागाकार-गुणाकार आणि शेवटी बेरीज-वजाबाकी. हा क्रम परीक्षेपुरताच, असे पुष्कळांना वाटते. परंतु दूध संकलन केंद्रावरच्या संगणकातही हाच प्रश्न दडलेला असतो. आणि तेथे क्रम चुकला तर गुण जात नाहीत, पैसे जातात.

समजा, आपण केंद्रावर ५ लिटर दूध घातले. दर लिटरला ४० रुपये, आणि दूध चांगले म्हणून लिटरमागे आणखी २ रुपये. आपण तोंडी हिशेब कराल : बेचाळीस पंचे दोनशे दहा. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ५ × ४० + २ असे लिहिले, तर संगणक आधी गुणाकार करील, मग दोन मिळवील आणि पावतीवर २०२ छापील. आठ रुपये गेले! शंभर घरांचे असेच दूध आले, तर दिवसाचे आठशे. संगणक मात्र हूं की चूं करणार नाही. त्याच्या लेखी वाक्य शुद्धच आहे.

अशी खोट शोधण्यासाठी ‘डीबगर’ नावाचे साधन असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला जीडीबी हा त्यांतला एक प्रसिद्ध डीबगर. तो चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवितो. मग ‘प्रिंट’ ही आज्ञा देऊन विचारावे, की अमुक राशीची किंमत आता किती? तो लगेच सांगतो.

पण येथेच नवशिका फसतो, बरे का! तो ५ × ४० + २ हेच वाक्य जसेच्या तसे डीबगरला विचारतो. उत्तर येते २०२. पावतीही २०२ ची. ‘जुळले!’ म्हणून तो निश्चिंत होतो. वास्तविक डीबगरने मूळ भाषेचाच नियम पाळला. आपल्या मनातला हेतू त्याला कोठून कळणार?

शिवाय हा नियम सगळ्या भाषांत एक नाही. १९५७ साली आलेल्या फोर्ट्रानने बीजगणिताचाच क्रम उचलला. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएल भाषेत मात्र सर्व क्रियाचिन्हे एकाच पंक्तीची, आणि हिशेब उजवीकडून सुरू. तेथे आपले तेच वाक्य २१० देईल! निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत ‘आणि’ ह्या शब्दाला गुणाकाराच्या बरोबरीचा मान आहे; म्हणून ‘दूध शून्याहून जास्त आणि फॅट तीनहून जास्त’ असे लिहिताना दोन्ही तुलनांना कंस घालावेच लागतात. सी भाषेत ‘आणि’चे चिन्ह तुलनेच्या खालचे, त्यामुळे तेथे कंसावाचून भागते. जीडीबी ह्यांतल्या बऱ्याच भाषा जाणतो, आणि प्रोग्रॅम ज्या भाषेत असेल तिच्या क्रमाने उत्तर देतो.

मग उपाय काय? डीबगरला अख्खे वाक्य विचारू नये, तुकड्यांनी विचारावे. आधी, दर अधिक वाढ किती? ४२. मग, लिटर गुणिले ४२ किती? २१०. पावती २०२ म्हणते, म्हणजे खोट सापडली. आता मूळ प्रोग्रॅममध्ये ५ × (४० + २) असा कंस घातला, की काम झाले. कंसाला पैसा पडत नाही. आणि पुढे दुसरा कोणी ते वाक्य वाचील, त्यालाही हेतू कळेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ‘कंचेभागुबेव’मध्ये ‘बे’ आधी येतो, म्हणून मुले १० − ३ + २ चे उत्तर ५ काढतात. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरची; डावीकडून चालावे, उत्तर ९. भागाकार-गुणाकाराचेही तसेच : २४ ÷ ४ × २ म्हणजे ३ नव्हे, १२. हे मुलांना फळ्यावर करून दाखवा. उद्या त्यांतलेच कोणी गावच्या दुधाचा हिशेब लिहिणार आहे.