पुदिन्याचं आइस्क्रीम हिरवं का नसतं?

रत्नागिरीत मे महिन्यात आइस्क्रीम म्हणजे आंब्याचं, यात वाद नाही. पण घरात जिमला जाणारा मुलगा असेल, तर फ्रीजरमध्ये कधीतरी चॉकलेट-मिंट प्रोटीन आइस्क्रीमचा डबा दिसतो आणि आजीच्या शंका सुरू होतात. त्यातल्या काही रास्त असतात, बऱ्याच नसतात.

‘पावडर म्हणजे स्टेरॉइड’ ही त्यातली सर्वांत जुनी शंका. व्हे पावडर दुधातूनच येते. दूध फाडून पनीर केल्यावर जे हिरवट पाणी उरतं, त्याच जातीच्या पाण्यातली प्रथिनं वेगळी काढून सुकवली की झाली पावडर. 30 ग्रॅमच्या मापात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात. भीती बाळगायचीच तर भेसळीची बाळगावी. डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक नसेल तर तो घेऊच नये.

मात्र ही पावडर नसली तर प्रोटीन आइस्क्रीम होतच नाही, हा उलटा गैरसमज जास्त महागात पडतो. एक लिटर दूध बासुंदीसारखं निम्मं होईपर्यंत आटवा. पाणी जातं, सुमारे 32 ग्रॅम प्रथिनं तशीच राहतात. त्यात 50 ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घातली की आणखी 17-18 ग्रॅमची भर. सहा वाट्या केल्या तर वाटीमागे आठ ग्रॅम झाली की! पावडरीचा हात मात्र सैल सोडू नका. दुधातली साखर जास्त झाली तर तिचे स्फटिक जिभेला वाळूसारखे लागतात. व्हेच वापरायची असेल तर दूध कोमट झाल्यावर घाला. उकळत्या दुधात तिच्या गुठळ्या होतात. त्यामुळे पोषण कमी होत नाही, पोत तेवढा बिघडतो.

‘साखर काढली की आइस्क्रीम पौष्टिक’ असं म्हणणाऱ्यांच्या वाट्याला दगड येतो. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. ती काढली की उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये जवळजवळ सगळं पाणी गोठतं आणि चमचा वाकतो. साखर कमी करा, पण पूर्ण काढू नका. गोठताना अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चारदा घोटलंत तर बर्फाचे कण बारीक राहतात.

आता पुदिना. पानांचा वास आणि गारवा तेलात असतो, हिरवा रंग हरितद्रव्यात. कोमट दुधात पानं मुरवून गाळली तर दूध जवळजवळ पांढरंच राहतं, वरून कोको पडला की तपकिरी. विकतचा गर्द हिरवा रंग बहुधा बाहेरून घातलेला असतो. पानं मिक्सरमधून काढून घालू नका, चटणीची चव येते. दुसरी गंमत म्हणजे मेंथॉल तोंड थंड करत नाही. ते थंडी ओळखणारी चेतातंतूंवरची टीआरपीएम-8 ही ग्राही चाळवतं आणि मेंदूला वाटतं, गार झालं. आपल्या चटणीच्या पुदिन्यात मेंथॉल फारसं नसतं, म्हणून ‘मिंट’चा झटका हवा तर खाण्याचा पेपरमिंट अर्क थेंबानं वापरावा. वाफाऱ्यासाठी मिळणारे मेंथॉलचे खडे यात घालू नयेत.

आणि हे खाऊन अंग कमावता येतं का? आयसीएमआर-एनआयएनच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात 19-20 ग्रॅम असतात, कुळथाच्या तेवढ्याच पिठात सुमारे 22. मिरकरवाड्याची मासळी आणि कुळथाचं पिठलं ज्या घरात आहे, तिथे हे आइस्क्रीम गोड म्हणूनच खावं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पावडरीआधी डॉक्टरांना विचारावं.

फ्रीजरमध्ये जंतू मरतात हाही भ्रमच, ते नुसते थांबतात. पावसात बराच वेळ वीज जाऊन आइस्क्रीम पातळ झालं असेल तर ते पुन्हा गोठवू नका, टाकून द्या.