समाजकार्याच्या पदवीसाठी अर्ज करण्यापूर्वी

बी.कॉम. झाल्यावर पुढे काय, या प्रश्नाची ठरलेली उत्तरे आपणा सर्वांना पाठ आहेत. एम.कॉम., सी.ए., बँकेची परीक्षा, नाहीतर काकांच्या दुकानाची गादी. या यादीत एम.एस.डब्ल्यू. हे नाव सहसा येत नाही. चुकून आलेच, तर घरची मंडळी विचारतात, "समाजसेवा करायला पदवी कशाला हवी?" प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यांच्या मनात हा अभ्यासक्रम घोळत असेल त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी त्याचे उत्तर स्वतःशी दिलेले बरे, कारण मुलाखतीला बसलेले प्राध्यापकही शब्द बदलून हेच विचारतात.

समाजसेवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर महर्षी कर्वे येतात, बाबा आमटे येतात. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते, बाबा वकील होते. यांपैकी कोणी कोठे प्रवेशअर्ज भरला नव्हता! त्यामुळे सेवा अंतःकरणातून येते, ती फळ्यावर शिकवता येत नाही, असा आपला पक्का समज. पण कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम केवळ कळवळ्यावर चालला नाही. त्यासाठी गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करावी लागली. संस्था म्हटली की तिचे हिशेब आले, नियम आले, माणसे सांभाळणे आले. हा जो कारभाराचा आणि पद्धतीचा भाग आहे, तो शिकता येतो व शिकवता येतो. त्यालाच 'समाजकार्य' म्हणतात. गंमत अशी की पुण्याच्या कर्वे समाज सेवा संस्थेच्या नावात 'सेवा' आहे, आणि १९६३ पासून ती शिकवते मात्र समाजकार्य.

या शिक्षणाची सुरुवात आपल्या देशात १९३६ साली मुंबईत झाली. नागपाड्याच्या दाट कामगार वस्तीत क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी 'नेबरहुड हाउस' नावाचे केंद्र चालवीत होते. तेथेच सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले व मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. १९४४ साली त्याला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले. देवनारचे आजचे आवार नंतरचे. पहिले वर्ग वस्तीतच भरले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुढे बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले, त्याच्या आरंभीच्या विद्याशाखांत समाजकार्याला जागा मिळाली. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ मधले. आपल्या कानडी विभागाच्या वाचकांना धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ जवळ आहे, आणि कोल्हापुरात शाहू संस्थेत, म्हणजे सायबरमध्ये, हा अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेची पदवी बहुतेक ठिकाणी चालते. वाणिज्यवाल्यांना दार बंद आहे ही समजूत मनातून काढून टाकावी.

अभ्यासक्रम तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांचा असतो. पुस्तकात समाजकार्याच्या सहा पद्धती सांगितल्या आहेत: एका व्यक्तीबरोबरचे काम, गटाबरोबरचे काम, वस्तीचे संघटन, कल्याणसंस्थांचे प्रशासन, संशोधन आणि सामाजिक कृती. ही नावे परीक्षेपुरती ठीक. खरा अभ्यासक्रम आहे तो क्षेत्रकार्याचा. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या रुग्णालयात, शाळेत, कारखान्यात, बालगृहात किंवा वस्तीत पाठवतात. तेथे काय पाहिले, कोण काय बोलले, आपण काय केले आणि ते का केले, हे सर्व लिहून आणायचे. मग मार्गदर्शक प्राध्यापक एकेका विद्यार्थ्याला बसवून ते लिखाण तपासतात. ज्यांना वाटते की एम.एस.डब्ल्यू. म्हणजे अभ्यासापासून सुटका, त्यांनी हे लिखाण एकदा कोणाकडून मागून पाहावे. आपल्या जर्नलएंट्रीला कारण लिहावे लागते ना, तसे येथे प्रत्येक कृतीला कारण लिहावे लागते.

आता अर्जाकडे येते. अर्जात बहुधा एक जागा अशी असते की तेथे तुम्ही हा अभ्यासक्रम का निवडता ते आपल्या शब्दांत लिहायचे असते. जेथे ती जागा नसते तेथे मुलाखतीत तोच प्रश्न तोंडी येतो. या जागी दहांपैकी आठ जण लिहितात, "मला लहानपणापासून गोरगरिबांची सेवा करण्याची आवड आहे." हे वाक्य खोटे असेल असे नाही, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. तुम्ही काय पाहिले आहे, आणि ते नीट पाहिले आहे का, एवढेच त्याला हवे असते.

माझे घर सुरतेला, लिंबायत भागात. शाळा महानगरपालिकेची, मराठी माध्यमाची. येथे मी आजोळी राहून शिकते. सुरतेत मराठी शाळा कशा, असे येथे पुष्कळ जण विचारतात, म्हणून सांगते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील हजारो कुटुंबे कापडाच्या धंद्यामागे सुरतेस गेली व उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत वसली. तेथील पालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवते. शहराची घडण त्या यादीतच वाचता येते.

आमच्या गल्लीत दुपारी दोन वाजता फिरलात तर निम्म्या उंबऱ्यांवर साड्या पसरलेल्या दिसतील. बायका धागे कापतात, लेस शिवतात, खडे चिकटवतात. माल गठ्ठ्याने येतो, गठ्ठ्याने जातो, मजुरी नगावर. हे दृश्य पाहून "बिचाऱ्या बायका" असे लिहिणे सोपे आहे. पण वाणिज्याच्या विद्यार्थ्याने जरा जवळ जाऊन पाहावे. नग किती दिले, किती परत आले, डाग पडला म्हणून किती कापले, याची वही कोणाकडे असते? माल आणणाऱ्याकडे. काम करणारीकडे काहीच लिहिलेले नसते. खतावणीची एकच बाजू अस्तित्वात आहे, आणि ती समोरच्याच्या खिशात आहे! आमच्या शेजारणीने आठवीतल्या मुलीला रोज नग लिहायला बसवले, तेव्हापासून तिच्या घरची मोजणीची भांडणे कमी झाली. ही एवढी गोष्ट, वही कोणाकडे हा प्रश्न, तो मनात कसा आला आणि पुढे काय शिकावेसे वाटते, हे सरळ लिहिले तर कोणत्याही समितीला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेल.

लूम्सच्या खात्यांचेही तसेच. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला खाते म्हणतात. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, आणि कामगारांत ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले लोक पुष्कळ. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, आणि समाजकार्याच्या जुन्या पदवीधरांपैकी अनेकांना पोटापाण्याची वाट तेथूनच मिळाली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ही संख्या अडीचशेवर आली आहे. परंतु ज्या शेडमध्ये पंचवीस-तीस माणसे काम करतात तेथे हा अधिकारी पाचशेच्या नियमानेही येत नव्हता, अडीचशेच्या नियमानेही येणार नाही. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत टाळेबंदीमुळे हेच कामगार सुरतेच्या रस्त्यांवर उतरून आम्हांला गावी जाऊ द्या म्हणून सांगत होते. ज्यांच्या नावाची नोंदच कोठे नाही अशा माणसांबरोबर काम कसे उभे करायचे, हा प्रश्न मुलाखतीत निघू शकतो. त्याचे तयार उत्तर कोणाजवळही नाही. ते नसल्याचे मोकळेपणी सांगून विचार करता येतो का, हे तेथे पाहिले जाते, असे तो अभ्यासक्रम केलेल्या एका ताईंनी मला सांगितले.

सुरतेच्या शासकीय रुग्णालयात नवापूर-नंदुरबारकडून रुग्ण येतात. कागद गुजरातीत, डॉक्टर बोलणार गुजरातीत किंवा हिंदीत, आणि रुग्णाची आई बोलणार अहिराणी. रुग्णालयातील समाजकार्यकर्ता हे पद आपल्याकडे १९४६ मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात पहिल्यांदा भरले गेले. औषध कळले नाही, पैसे संपले, घरी सांगायला कोणी नाही, अशा वेळी जो माणूस लागतो तो हा. माझ्यासारख्या मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते, आणि ती निराधार नाही, कारण टाटा संस्थेत शिकवणे व लिहिणे इंग्रजीतच आहे. इंग्रजी सुधारावेच लागेल. पण अर्जात भाषांच्या रकान्यात मराठी, अहिराणी, गुजराती, कानडी जे येत असेल ते संकोच न करता लिहावे. वस्तीत इंग्रजी कोणी बोलत नाही.

प्रवेशाचे मार्ग निरनिराळे आहेत. टाटा संस्थेची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती. २०२४ पासून तिच्या जागी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा आली व तिच्यानंतर संस्थेचा पुढचा टप्पा असतो. सीयूईटी-पीजीला पंच्याहत्तर प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे चालणार नाही. गुजरातमधील राज्य विद्यापीठांसाठी २०२४ पासून 'जीकॅस' हे सामायिक संकेतस्थळ आहे. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठाची गोष्ट वेगळी. ते १९२० साली गांधीजींनी स्थापन केले, तेथे खादी घालावी लागते, समूहजीवनाचे नियम पाळावे लागतात. ज्याला ते जमणार नाही त्याने तेथे अर्ज करून जागा अडवू नये.

कागदपत्रांत एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे फार उशिरा लक्ष जाते. महाराष्ट्रातून सुरतेस गेलेल्या अनुसूचित जातीजमातींच्या कुटुंबांतील मुलांना गुजरात राज्याच्या राखीव जागा मिळतीलच असे नाही. राज्य बदलले की सवलत बरोबर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निर्णय आहे. कारण कोणती जात यादीत, हे राज्यवार ठरते. केंद्र सरकारच्या प्रवेशांत मात्र मूळ राज्याचे प्रमाणपत्र उपयोगी पडते. वडिलांचे मूळ गाव धुळ्याकडे, जन्म सुरतेचा, पदवी कर्नाटकातली, अशा मुलामुलींनी कोठले प्रमाणपत्र कोठे चालेल हे त्या त्या संस्थेच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे. दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर आपल्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्रही लागते, आणि ते एका दिवसात हाती पडत नाही.

पैशाविषयी बोलणे आपल्याकडे सेवेच्या गोष्टीत अप्रशस्त मानतात. मी बोलणार आहे. शुल्कात संस्थेसंस्थेत पुष्कळ फरक आहे, त्यात वसतिगृह आणि खाणावळ वेगळी. टाटा संस्थेत २०१८ साली अनुसूचित जातीजमातींच्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतल्यावरून विद्यार्थ्यांनी संपच केला होता. तेव्हा शिष्यवृत्तीचे पैसे हाती केव्हा येणार, हे विचारण्यात काही कमीपणा नाही. नोकरीचे म्हणाल तर छोट्या संस्थांत पगार बेताचा असतो. मात्र २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजोपयोगी कामावर खर्च करावे लागतात. हे कलम आपण परीक्षेसाठी घोकतो. तो पैसा कोठे जातो, खर्च झाला म्हणजे काम झाले का, हे तपासायला ताळेबंदही वाचता येणारी आणि वस्तीतही बसू शकणारी माणसे लागतात. माझ्या वडिलांना समाजसेवेच्या गोष्टींनी काही पटले नाही. या कलमाने ते थोडे नरमले, पण बँकेच्या परीक्षेचा अर्ज त्यांनी माझ्याकडून भरून घेतलाच.

शेवटी वेळापत्रक. तृतीय वर्षाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही, शेवटच्या वर्षात शिकत असतानाच अर्ज करता येतो. सीयूईटी-पीजीचे अर्ज अलीकडे हिवाळ्यात निघतात व परीक्षा मार्चच्या सुमारास होते. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गल्लीची ओळख करून घ्यायची, नाताळापर्यंत निवेदनाचा कच्चा खर्डा लिहायचा, आणि जेथे शिफारसपत्र मागतात तेथे जे प्राध्यापक आपल्याला नावाने ओळखतात त्यांच्याकडे संक्रांतीच्या आत जायचे. फेब्रुवारीत त्यांच्या टेबलावर अंतर्गत गुणांच्या याद्यांचा ढीग असतो, तेव्हा शिफारसपत्र मागणाऱ्याचे स्वागत फारसे प्रेमाने होत नाही.