एकच खडक, दोन खळगे

विद्यार्थी मित्रहो, ताशी १८ किलोमीटर हा वेग तुम्हांला कसा वाटतो? एस.टी.ने जाणाऱ्याला तो अगदीच कंटाळवाणा वाटेल. पण याच वेगाने आमच्या महाविद्यालयातील चौदा विद्यार्थी आणि मी गेल्या डिसेंबरात पुण्याहून लोणारला गेलो. अंतर सुमारे चारशे किलोमीटर, मुक्कामासह पाच दिवस. समोरून वारा असला की सर्वांत पुढच्याला तो कापावा लागतो आणि बाकीचे त्याच्या आडोशाने जातात. म्हणून दर अर्ध्या तासाने पुढचा गडी मागे यायचा. प्रवासात पुष्कळ काही पाहिले, पण आज सांगणार आहे ते दोन खळग्यांविषयी आणि एका मुलीच्या प्रश्नाविषयी. ताशी १८ हा आकडा मात्र लक्षात ठेवा. शेवटी तो लागणार आहे.

नदीने कोरलेले रांजण

पहिल्या दिवशी शिरूरहून आत वळून आम्ही निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात पोचलो. तेथे काळ्या बेसाल्ट खडकात शेकडो खळगे आहेत. काही वाटीएवढे, तर काहींत अख्खा माणूस सहज बुडेल एवढे. आकार पाण्याच्या रांजणासारखा, म्हणूनच त्यांना रांजणखळगे म्हणतात.

हे कोणी कोरले? पाण्याने, पण एकट्या पाण्याने नव्हे. पावसाळ्यात नदीला पूर येतो. खडकात कोठे लहानशी खाच असली की तेथे पाण्याचा भोवरा तयार होतो. त्यात अडकलेले गोटे गरगर फिरतात आणि तळ व भिंती घासत राहतात. गोटे झिजून संपतात, पुढच्या पुरात नवे येतात. कोरड्या खळग्याच्या तळाशी असे गुळगुळीत गोटे आम्हांला दिसले. जणू कारागीर आपली हत्यारे तेथेच ठेवून गेला होता!

समजा, वर्षाला एक दशांश मिलिमीटर खडक झिजतो. मग ३ मीटर खोल खळग्याला किती वर्षे लागतील? करा हिशेब. उत्तर येईल ३० हजार वर्षे.

एक सूचना मात्र देतो. या खळग्यांचे काठ निसरडे असतात आणि आतल्या पाण्याची खोली वरून कळत नाही. आमचा एक विद्यार्थी छायाचित्र घेण्यासाठी अगदी कडेला गेला आणि त्याचा पाय घसरला. शेजारच्याने दंड धरला म्हणून निभावले. तुम्ही गेलात तर काठापासून दूरच राहा.

‘पण कशावरून?’

पुढे अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना असा मार्ग होता. सायकलवर असल्यामुळे दोन्ही बाजूंचे डोंगर सावकाश पाहता येत होते. त्यांत खडकांचे थर पायऱ्यांसारखे, जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे हे थर. निघोजचा खडक त्यांतलाच, आणि लोणारचाही. ‘थर आडवे आहेत’ एवढे वहीत टिपून ठेवा, असे मी मुलांना सांगितले होते.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिलो. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर आणि तळाशी खारे सरोवर. सगळे गप्प झाले. मग एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, निघोजचा खळगा गोल आणि हाही गोल. तो पाण्याने झाला म्हणालात, हा अशनी पडून झाला म्हणता. कशावरून?”

मी म्हणालो, “शास्त्रज्ञांनी तसे सिद्ध केले आहे.”

ती म्हणाली, “हो, पण कशावरून?”

मित्रहो, मला माझी शाळा आठवली. आमच्या शिक्षकांनी लोणार हे ज्वालामुखीचे मुख आहे असे सांगितले होते. मी ते तसेच उत्तरपत्रिकेत लिहिले आणि पूर्ण गुण मिळवले! तेव्हा मी कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि आता मुलांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा अशी माझी अपेक्षा होती. मग दोघांत फरक तो काय? आम्ही तेथेच बसलो आणि पुरावे शोधू लागलो.

खडकाची साक्ष

पहिला पुरावा काठाचा. विवराचा काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे वीस मीटर उंच आहे. नदी खळगा कोरते तेव्हा काठ उचलत नाही. शिवाय येथून पलीकडे वाहून जाणारी नदीच नाही.

दुसरा पुरावा मुलांच्या वहीत होता. वाटेत सगळीकडे आडवे असलेले थर येथे काठाशी बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. जमीन आतून उसळून उलथल्याची ही खूण.

पण ज्वालामुखीही काठ उंचावू शकेल, नाही का? येथे वय उपयोगी पडते. पूर्वी विवराचे वय पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. यांपैकी कोणतेही घ्या. येथला लाव्हा थंड होऊन तेव्हा कोट्यवधी वर्षे लोटली होती.

निर्णायक पुरावा मात्र डोळ्यांना सहज दिसत नाही. सरोवराच्या तळाखाली छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. काही लाख वातावरणांइतका दाब क्षणात पडला, तरच बेसाल्टमधील फेल्स्पार या खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये हे पुरावे ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले.

तास आणि सेकंद

आता तो आकडा आठवा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. गतिज ऊर्जा ही वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून येणाऱ्या संख्येच्या निम्मी असते. म्हणजे आमच्या सायकलीच्या प्रत्येक किलोग्रॅमला १२.५ ज्यूल ऊर्जा.

पृथ्वीवर आदळणारे लघुग्रह बहुधा सेकंदाला १५ ते २० किलोमीटर वेगाने येतात. आपण १८ धरू. तासाच्या जागी सेकंद आला, वेग ३६०० पट झाला आणि ऊर्जा ३६०० च्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख पट! दर किलोग्रॅमला १६ कोटी २० लाख ज्यूल. एक किलोग्रॅम टीएनटीच्या स्फोटात सुमारे ४२ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. म्हणजे अशा वेगाचा साधा दगडही त्याच वजनाच्या स्फोटकाच्या सुमारे ३८ पट ऊर्जा घेऊन येतो. म्हणूनच तो नुसता जमिनीत रुतत नाही. प्रचंड स्फोट होतो आणि तो सर्व दिशांना पसरतो. त्यामुळे अशनी तिरपा आला तरी, फारच तिरपा नसेल तर, विवर गोल होते. नदीला हजारो वर्षे लागली. येथे मिनिटभरही लागले नाही.

घरी एक प्रयोग करा. परातीत गव्हाचे पीठ पसरा. त्यावर एक गोटी सरळ वरून टाका, दुसरी तिरपी फेका. तिरप्या गोटीचा खड्डा लांबट होईल. मग लोणार गोल का, हे तुमच्या मित्राला समजावून सांगा. त्याने ‘कशावरून?’ असे विचारले, तर रागावू नका.